डॉक्टर होण्याआधीच आरोग्याच्या प्रश्नावर उभ्या राहिल्या कल्याणच्या आनंदीबाई. आजच्या एमबीबीएस विद्यार्थ्याला काय करता येतं?

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत आमच्या मागच्या इमारतीत राहणारी एक मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने तिला मुरबाडकडच्या एका गावातली काही कुटुंबं नेमून दिली आहेत. ठरलेल्या दिवशी कॉलेजची बस गावात जाते, विद्यार्थी घरोघरी फिरतात, वजन, उंची, रक्तदाब लिहून घेतात आणि संध्याकाळी परततात.

मागच्या महिन्यात जिन्यात भेटली तेव्हा जरा वैतागलेली होती. म्हणाली, "दादा, माझ्या एका घरातल्या आजींच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपतात. उपकेंद्रात मिळत नाहीत, बाहेरून आणायला पैसे नसतात. मी फाइलमध्ये रीडिंग लिहिते आणि बसमध्ये बसते. मी अजून डॉक्टर नाही. मग मी हे बोलायचं कुणाकडे?"

मी इंजिनीअरिंग केलेला माणूस. मला गोळीचं नावही धड सांगता आलं नसतं. पण तिचा प्रश्न औषधाचा नव्हताच. डिग्री हातात नसताना वैद्यकीय विद्यार्थी लोकांच्या आरोग्याबद्दल बोलू शकतो का, पुढाकार घेऊ शकतो का, आणि घेतला तर त्याचं काही होतं का, असा तो प्रश्न होता.

याचं सगळ्यात जुनं आणि ठोस उत्तर आपल्या शेजारीच आहे. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावर, कल्याणात.

आनंदीबाईंची गोष्ट आपण अर्धीच सांगतो का?

आनंदीबाई जोशी म्हटलं की 'पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक' हे वाक्य पाठ असतं. २०१९ च्या 'आनंदी गोपाळ' सिनेमामुळे नव्या पिढीलाही नाव माहीत झालं. पण त्यांच्या आयुष्यातल्या तारखा एका ओळीत मांडून बघितल्या की वेगळीच गोष्ट दिसते.

जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी कुटुंबातली ही यमुना. नवव्या वर्षी पोस्ट खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या गोपाळराव जोशींशी लग्न. चौदाव्या वर्षी बाळंतपण. मूल दहा दिवस जगलं.

पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात, क्षयाने. म्हणजे पदवी आणि मृत्यू यांच्यात वर्षभराचंही अंतर नाही. कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक केली होती. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, तेच हे रुग्णालय. पण तिथे त्यांना काम सुरूच करता आलं नाही.

थोडक्यात, आनंदीबाईंनी मायदेशात डॉक्टर म्हणून जवळपास काहीच काम केलं नाही. ज्यासाठी त्यांचं नाव राहिलं, ते सगळं त्यांनी विद्यार्थिनी म्हणून, किंबहुना विद्यार्थिनी होण्याच्याही आधी केलं.

श्रीरामपूरच्या सभागृहात काय झालं?

हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नाही, कलकत्त्याजवळचं आहे. गोपाळरावांची बदली तिकडे झाली होती. आनंदीबाई अमेरिकेला शिकायला जाणार ही बातमी फुटली आणि लोकांनी त्यांचं जगणं अवघड केलं. रस्त्याने चालताना हेटाळणी, टोमणे, सल्ले. बाई एकटी समुद्र ओलांडणार, म्हणजे धर्म बुडाला, हा एक गट. जायचं तर ख्रिस्ती होऊन जा, हा दुसरा.

त्यावर फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. इंग्रजीत. वय १७ वर्षं.

त्या भाषणाची मांडणी आजच्या कुठल्याही एक्सप्लेनरला शोभावी अशी होती. लोक विचारत होते तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि जे कुठल्याच बाईने केलं नाही ते तुम्हीच का करायचं?

त्यांच्या उत्तरांचा गाभा साधा होता. बायका आजार अंगावर काढतात, कारण पुरुष डॉक्टरसमोर जायची त्यांना लाज वाटते आणि घरचेही जाऊ देत नाहीत. म्हणून बाई डॉक्टर हवी. ती इथल्या इथे नीट तयार होत नाही, म्हणून बाहेर जायचं. आणि तिकडेही आपण आहोत तशाच राहणार, धर्म आणि राहणी बदलणार नाही.

या भाषणात त्यांनी स्वतःच्या गेलेल्या बाळाचं दुःख मांडून सहानुभूती मागितली नाही. जे आपल्या घरात घडलं ते घरोघरी का घडतं, याचं कारण सांगितलं आणि त्यावर करता येण्यासारखा उपाय ठेवला. आज ज्याला 'हेल्थ अ‍ॅडव्होकसी' असं भारदस्त नाव आहे, ते मला तरी यापेक्षा वेगळं काही वाटत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आनंदीबाईंच्या यशाचं श्रेय पुष्कळदा गोपाळरावांच्या हट्टाला दिलं जातं. हट्ट होताच, त्यांनीच शिकवलं, १८८० मध्ये अमेरिकी मिशनऱ्याला पत्रही त्यांनीच लिहिलं. ते पत्र मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आलं, तीही दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना. पण शिकवताना गोपाळराव मारझोडही करत, हे आनंदीबाईंनीच पुढे पत्रात लिहून ठेवलंय. श्रीरामपूरच्या भाषणातला युक्तिवाद आणि धीर आनंदीबाईंचा स्वतःचा होता.

अमेरिकेत विद्यार्थिनी म्हणून काय केलं?

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'कडे अर्ज करतानाही त्यांनी तोच मुद्दा लिहिला, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. प्रवेशाच्या सगळ्या अटी त्या पूर्ण करत नव्हत्या, तरी कॉलेजने घेतलं. डीन रेचल बॉडली पाठीशी उभ्या राहिल्या.

पुढची तीन वर्षं थंडी, धुराने भरणारी खोली, शाकाहाराची आबाळ आणि खालावत जाणारी तब्येत. त्यातून पदवीचा प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांचाही आधार घेतला आणि अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांचाही. ज्या बाळंतपणात त्यांचं मूल गेलं होतं, त्याच विषयावर.

१८८५ मधला त्या कॉलेजचा एक फोटो अधूनमधून तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता. पण त्यावर मारा करणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चं दशक उजाडलं. आनंदीबाईंना आजाराचं नाव माहीत होतं, औषध जगात कुठेच नव्हतं.

त्या एकट्याच होत्या का?

नाही, आणि हे समजून घेणं गरजेचं आहे. बाई डॉक्टर हवी ही मागणी त्याच काळात अनेक ठिकाणांहून पुढे येत होती. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईत वर्गणी गोळा होऊन ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार उघडलं, १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली त्याच वर्षी पात्र ठरल्या.

मुंबईच्या रखमाबाईंचा प्रवास तर आणखी बोलका आहे. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्यांनी नांदायला जायला नकार दिला, नवऱ्याने कोर्टात खेचलं. खटला चालू असताना १८८५ मध्ये त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहून बालविवाहाचे परिणाम मांडले. तेव्हा त्या डॉक्टर नव्हत्या, विद्यार्थिनीही नव्हत्या. डॉक्टर झाल्या त्या १८९४ मध्ये, लंडनहून. मग सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं काम केलं. त्यांच्या खटल्यावरून पेटलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला हातभार लागला.

म्हणजे आधी आवाज, मग डिग्री. आपण साधारण उलटं गृहीत धरतो.

सव्वाशे वर्षांनी हा रस्ता कसा बदलला?

आनंदीबाईंकडे युक्तिवाद होता, आकडे नव्हते. पुढच्या पिढ्यांनी आकडे गोळा करायला शिकून घेतलं. याचं महाराष्ट्रातलं सर्वांत माहीत असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, दोघंही नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी.

१९७४ मध्ये देशभरातल्या काही तरुण डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 'मेडिको फ्रेंड सर्कल' नावाचा गट सुरू केला. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाचा तो काळ. आपल्याला जे शिकवलं जातंय त्याचा गावातल्या माणसाला काय उपयोग, असा त्यांचा प्रश्न. अभय बंग, पुण्याचे डॉ. अनंत फडके अशी मंडळी त्यात होती.

अभय बंग यांचं सुरुवातीचं गाजलेलं काम हॉस्पिटलमधलं नाहीच. रोजगार हमीवरच्या मजुराला दिवसाला मिळणारं किमान वेतन ४ रुपये होतं. एवढी अंगमेहनत करणाऱ्या माणसाला किती अन्न लागतं आणि ते या पैशात येतं का, याचा हिशेब त्यांनी मांडला आणि सरकारी समितीचं गणित चुकलेलं दाखवलं. पुढे दर १२ रुपयांपर्यंत गेला. डॉक्टरने मजुरीवर का बोलायचं, असं कुणी विचारेल. पण उपाशी माणसाला टॉनिक लिहून देण्यापेक्षा ते जास्त वैद्यकीय होतं.

१९८६ मध्ये दोघांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं निघालं. १९८९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं.

माझ्यातल्या इंजिनीअरला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण गावातल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत. मग एक साधं यंत्र बनवलं गेलं, त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. ठराविक श्वासांमागे एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजून औषध सुरू करायचं. ना बॅटरी, ना अ‍ॅप.

त्यातूनच पुढे गावातल्या बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत तयार झाली. वजन करायचं, ऊब द्यायची, अंगावर पाजायला मदत करायची, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. ज्या ३९ गावांत हे केलं, तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली. तुमच्या घरात नुकतं बाळ झालं असेल आणि आशाताई सहा-सात वेळा घरी येऊन गेल्या असतील, तर त्याचं मूळ गडचिरोलीत आहे.

आज एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला कुठे जागा आहे?

आता आपल्या जिन्यातल्या प्रश्नाकडे येऊ.

पहिली जागा अभ्यासक्रमातच आहे. माझी शेजारीण ज्यासाठी गावात जाते तो 'फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅम' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणलाय. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं असतात आणि पुढची काही वर्षं तीच कुटुंबं राहतात. इंटर्नशिपच्या वर्षात १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना त्यानंतर वर्षभराची बंधपत्रित सेवा असते. बहुतेक मुलं हा सगळा काळ पीजीच्या तयारीत काढतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, स्पर्धाच तशी आहे. पण एकाच घरी पुन्हापुन्हा जायला मिळणं ही संधी आनंदीबाईंना नव्हती.

दुसरी जागा संघटनेची. निवासी डॉक्टरांची 'मार्ड' आपल्याला संपाच्या बातमीतूनच माहीत असते. विद्यावेतन, हॉस्टेल, सुरक्षा या मागण्या स्वतःपुरत्या वाटतात. पण रात्रभर जागलेला डॉक्टर सकाळी तुमच्या वडिलांना तपासणार असेल, तर तो प्रश्न तुमचाही असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर देशभर निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमावं लागलं.

तिसरी जागा कॉलेजबाहेरची. 'सर्च'चा 'निर्माण' हा उपक्रम २००६ पासून तरुणांसाठी शिबिरं घेतो, त्यात वैद्यकीय विद्यार्थी बरेच असतात. जन आरोग्य अभियान रुग्णहक्कांवर काम करतं. त्याचं एक फळ तुम्हाला वर्तकनगर ते पोखरण रोड पायी फिरतानाही तपासता येईल. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरांची माहिती दर्शनी भागात लावायला हवी. कुठे लागलीय, कुठे नाही, एवढी यादी करायला डिग्री लागत नाही.

ठाण्यात याची गरज आहे का?

ऑगस्ट २०२३ आठवा. ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला. राज्यभर खळबळ उडाली, सरकारने चौकशी समिती नेमली. महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाला जोडलेलं आहे. ५०० खाटांच्या या रुग्णालयात ठाण्याबरोबरच पार शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात.

त्या आठवड्यात आम्ही डेस्कवर आकडे अपडेट करत होतो. नेते येऊन गेले, कॅमेरे येऊन गेले. पण रुग्ण कळव्याला पोचेपर्यंत किती उशीर झाला होता, आधी कुठे-कुठे फिरला, गावात औषध कधी थांबलं होतं, हे एका दिवसाच्या बातमीत कधीच सापडत नाही. ते सापडतं महिनोन्महिने एकाच घरी जाणाऱ्या माणसाच्या वहीत. म्हणून मला दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या फाइलमध्ये रस आहे.

आणि काय करू नये?

वॉर्डातून रील करू नये. हे सांगावं लागतंय, कारण आपल्या सगळ्यांच्या फोनवर तशी रील येतात. रुग्णाचं नाव, चेहरा, केसपेपर यातलं काहीही त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. विद्यार्थ्याने परस्पर औषध सुचवू नये. आणि शक्यतो एकट्याने तक्रार करू नये. इंटर्नल मार्क कुणाच्या हातात असतात हे सगळ्यांना माहीत आहे. चार-पाच जणांनी मिळून, नोंदी घेऊन, आपल्या विभागातल्या शिक्षकांमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाणं जास्त उपयोगाचं. तिथे हललं नाही, तर तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. औषधसाठ्याची माहिती मागायला माहिती अधिकार आहे.

हे सगळं मी शेजारणीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, अर्ध्या गोष्टी तिला माहीत होत्या.

परवा पुन्हा भेटली. फोन काढून एक तक्ता दाखवला. नाव नाही, फक्त घर क्रमांक. रक्तदाब, साखर यांच्या पुढे तिने एक नवा रकाना केलाय, 'गोळ्या संपल्याची तारीख'. वर्गातल्या आणखी सहा जणांनी आपापल्या घरांसाठी तोच रकाना भरायला घेतलाय. कॉलेजची बस पुढच्या महिन्यात आहे, पण तारखा महिनाअखेरच्या हव्यात म्हणून येत्या शनिवारी ती दोन मैत्रिणींबरोबर कल्याणहून मुरबाडची एसटी पकडून स्वतःच जाणार आहे. मॅडमना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात.

"आजींना सांगितलंय," ती म्हणाली, "शेवटची गोळी घेतली की रिकामं पाकीट फेकू नका, माझ्यासाठी ठेवा."